जमेकाच्या मेरीबाई सीकोल

जमेका हे नाव आपल्याकडे घराघरांतील पुरुषमंडळींच्या तोंडी आले ते क्रिकेटमुळे. १९७१ साली किंग्स्टनच्या सबाइना पार्क मैदानावर आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, त्यांचे वर्णन अजूनही जेवणाच्या पानावर ऐकू येते. त्याच किंग्स्टन शहरात ईस्ट स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका बाईचे लॉजिंग-बोर्डिंग होते. त्या घरात वाढलेल्या मुलीची ही हकीकत आहे. ती ना राजकन्या होती, ना शिकून पदवी घेतलेली विदुषी. ती रांधत होती, वाढत होती, गिऱ्हाइकांचा हिशेब ठेवत होती आणि आजाऱ्याच्या उशाशी बसत होती. एवढ्या भांडवलावर ती अर्धे जग ओलांडून एका मोठ्या लढाईच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

आधी तिची जन्मभूमी पाहू. नकाशात क्यूबा बेटाच्या खाली, दक्षिणेस, जमेका सापडेल. लांबी सुमारे दीडशे मैल, रुंदी जास्तीत जास्त पन्नास. पूर्वेकडे निळे डोंगर म्हणून रांग आहे, तिची शिखरे सात हजार फुटांवर जातात आणि खाली किनाऱ्यावर घामाच्या धारा लागल्या असताना वर धुके आणि गारवा असतो. १४९४ साली कोलंबस येथे उतरला तेव्हा टायनो नावाचे लोक या बेटावर राहत होते. स्पॅनिश अंमलात ते जवळजवळ नष्ट झाले. १६५५ साली इंग्रजांनी बेट घेतले आणि उसाचे मळे वाढवले. मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली.

या बेटाची एक गंमत म्हणा की दैवगती म्हणा, तिथले बहुतेक सारे बाहेरून आलेले आहे. ऊस बाहेरचा. आपला आंबा तिथे पोहोचला तो १७८२ साली, इंग्रज आरमाराने पकडलेल्या एका फ्रेंच जहाजातून. कोकणात ज्याला आपण नीरफणस म्हणतो, तो १७९३ साली कप्तान ब्लाय यांनी ताहिती बेटाकडून मुद्दाम आणला. हेतू एवढाच, की गुलामांना स्वस्तात खायला घालता यावे. अकी नावाचे फळ पश्चिम आफ्रिकेतले, ते गुलामांच्या जहाजांबरोबर आले आणि आज त्या देशाचे राष्ट्रीय फळ होऊन बसले आहे. अस्सल तिथले म्हणावे असे एक झाड आहे पिमेंटोचे. त्याची मिऱ्याएवढी गोल फळे वाळवली म्हणजे लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा वास एकदम येतो. जिच्या स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा आहे तिला तो वास कल्पनेने घेता येईल.

मेरीचा जन्म २३ नोव्हेंबर १८०५ रोजी किंग्स्टनमध्ये झाला. माहेरचे आडनाव ग्रँट. वडील स्कॉटलंडचे, इंग्रजांच्या पलटणीत अधिकारी होते. आई मिश्रवर्णी होती. ती गुलाम नव्हती, स्वतंत्र होती, आणि त्या काळच्या जमेकात हा फरक जन्ममरणाएवढा मोठा होता. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने उठली तेव्हा त्या एका बेटावर तीन लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. मेरीचे घराणे अधल्यामधल्या वर्गातले. मळेवाल्या गोऱ्यांत त्यांना पाट नाही आणि राबणाऱ्या काळ्यांत ते बसत नाहीत. मेरीला आपल्या स्कॉटिश रक्ताचा अभिमान होता, आणि अंगी मेहनत आहे ती त्या रक्ताची, असेही तिने लिहून ठेवले आहे. माझ्या मते त्या मेहनतीचे श्रेय आईलाच द्यायला हवे होते.

कारण ही आई मोठी कर्तबगार. ब्लंडेल हॉल हे तिचे लॉजिंग-बोर्डिंग किंग्स्टनमधल्या उत्तम घरांत मोडत असे. जवळच्या छावणीतले लष्करी आणि आरमारी अधिकारी तिथे उतरत, आणि आजारी पडले की बरे होईपर्यंत तिथेच राहत. कारण मेरीची आई वैदू होती. जमेकात अशा बायकांना डॉक्टरीण म्हणत. आफ्रिकेतून आलेल्या बायकांनी आपले झाडपाल्याचे ज्ञान बरोबर आणले, त्यात या बेटावरच्या वनस्पतींची भर घातली आणि आईकडून मुलीकडे ते चालत आले. त्यांची ख्याती साधीसुधी नव्हती. पुढे इंग्लंडचे महान सेनापती झालेले नेल्सन १७८० साली तरुणपणी तापाने मरणाच्या दारी पोहोचले होते. त्यांची शुश्रूषा पोर्ट रॉयलच्या क्यूबा कॉर्नवॉलिस नावाच्या अशाच एका डॉक्टरणीने केली होती.

त्या काळी युरोपातले डॉक्टर तापकऱ्याच्या शिरेतून रक्त काढत, पारा चारत आणि दारेखिडक्या बंद करत. डॉक्टरीण काय करी? खोलीत वारा खेळता ठेवी, अंथरूण स्वच्छ ठेवी, पातळ पेय घोट घोट पाजी, काढा देई आणि रोग्याला निजू देई. आपल्या आज्या याहून वेगळे काय करत होत्या?

छोटी मेरी आईचे पाहून बाहुलीला औषध देऊ लागली. आईने ज्या रोग्यावर इलाज करावा, तोच रोग बाहुलीला व्हायचा. मग घरची कुत्रीमांजरे धरून झाली, आणि ती पळू लागली तेव्हा तिने औषधे स्वतःच घेऊन पाहिली. लहानपणी काही वर्षे ती एका वृद्ध दयाळू बाईंच्या घरी वाढली, त्यांनी तिला आपल्या नातवंडांसारखेच वागवले. बारा वर्षांची झाली तेव्हा ती आईच्या हाताखाली रोग्यांची कामे करू लागली होती. फावल्या वेळी जुना नकाशा उघडून इंग्लंडच्या वाटेवर बोट फिरवत बसे.

ती वाट तिने खरोखरच धरली. सोळासतरा वर्षांची असताना नातलगांबरोबर ती लंडनला गेली आणि वर्षभर राहिली. तिथल्या रस्त्यावरच्या पोरांनी तिच्या रंगावरून टिंगल केली. बरोबरची मैत्रीण अधिक काळी, तिची अधिकच केली. हे सारे ती पुढे हसत हसत लिहिते, पण विसरली मात्र नाही. दुसऱ्या खेपेस ती रिकाम्या हाताने गेली नाही. जमेकाची लोणची आणि मुरंबे भरून नेले आणि ते लंडनमध्ये विकून खर्च भागवला. पुढे बहामा बेटांतून शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तू आणून किंग्स्टनमध्ये विकल्या, हैती आणि क्यूबाही पाहून आली. एकटी बाई, त्यात रंगाने सावळी, आणि काळ १८२०-३० चा. आपल्याकडे त्या दिवसांत घाटाखाली उतरलेली बाई गावात नवलाची होई.

१८३६ च्या नोव्हेंबरात तिचे एडविन सीकोल यांच्याशी लग्न झाले. आता तिला मेरीबाई म्हणायला हरकत नाही. दोघांनी ब्लॅक रिव्हर या गावी दुकान काढले, पण यजमान प्रकृतीने नाजूक, दुकानही चालेना. दोघे किंग्स्टनला परत आले. १८४३ च्या ऑगस्टात शहराला आग लागली. त्या आगीत ब्लंडेल हॉल जळून गेला. मेरीबाईंनी तो पुन्हा उभा केला. १८४४ च्या ऑक्टोबरात यजमान गेले आणि पाठोपाठ आई गेली. मेरीबाई काही दिवस हलल्याबोलल्या नाहीत. मग कामाला लागल्या. पुन्हा लग्न केले नाही. विचारणारे होते, असे मात्र त्यांनी सुचवून ठेवले आहे.

१८५० साली जमेकात पटकीची साथ आली आणि सुमारे बत्तीस हजार माणसे गेली. त्या साथीत मेरीबाईंनी जे पाहिले आणि केले ते पुढल्याच वर्षी कामी आले. त्यांचा भाऊ एडवर्ड पनामाच्या चिंचोळ्या पट्टीत क्रूसेस या गावी हॉटेल चालवत होता. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाकाटी झालेली, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेले लोक बोटीने पनामाला येत, नदी आणि खेचरे यांच्या साहाय्याने पट्टी ओलांडत आणि पलीकडे पुन्हा बोट धरत. आगगाडी अजून व्हायची होती. १८५१ साली मेरीबाई भावाकडे निघाल्या त्या फिकट निळा झगा आणि पांढरी टोपी अशा थाटात. वाटेवर तांबडी चिकण माती. गावात पोहोचेपर्यंत झग्याचा रंग ओळखू येईना.

क्रूसेसमध्ये पोहोचून थोडे दिवस झाले तोच भावाचा एक स्पॅनिश मित्र त्याच्याकडे जेवून घरी गेला आणि मेला. गावात कुजबुज सुरू झाली की जेवणात विष घातले. मेरीबाईंनी प्रेत पाहिले आणि ही पटकी आहे असे सांगितले. कुणाचा विश्वास बसेना. दुसरा माणूस पडला तेव्हा बसला. गावात धड डॉक्टर नव्हता, मेरीबाईच डॉक्टर झाल्या. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांच्याकडून घेतला, खेचरवाल्या गरिबांकडून काही घेतले नाही. मोहरीचे पोटीस, ऊब, आणि दालचिनी घालून उकळलेले पाणी, हे त्यांचे इलाज. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पारा आणि शिसे यांची औषधेही त्यांनी दिली, ती आज कुणी देणार नाही. पण उकळलेले पाणी पाजत राहण्याची त्यांची पद्धत शहाणपणाची होती. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली एका पंपाच्या आधारे दाखवून दिले, आणि तेही लोकांना लगेच पटले नव्हते.

एक प्रसंग सांगू की नको असे वाटते, पण तो गाळला तर या बाईचे मन कळणार नाही. एक वर्षाचे पोरके मूल रात्रभर त्यांच्या मांडीवर तळमळून गेले. हा रोग आत नेमके काय करतो हे जाणून घेतल्याखेरीज पुढल्याला वाचवता येणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रेत पुरायला नेणाऱ्या माणसाला पैसे देऊन त्यांनी नदीकाठी आडबाजूला ते उघडून पाहिले. कुठल्याही वैद्यकीय शाळेचे दार त्यांना कधी उघडणार नव्हते, त्यांनी आपली शाळा अशी केली. मग त्यांना स्वतःलाच पटकी झाली. त्यातून त्या उठल्या.

त्याच गावी ४ जुलै रोजी अमेरिकन मंडळींनी जेवण ठरवून मेरीबाईंचा गौरव केला. बोलणाऱ्या गृहस्थाने बाईंची स्तुती केली आणि या बाईला धुऊन गोरे करता आले असते तर किती बरे झाले असते, असे खेदाने म्हटले. त्याच्या मते ती मोठीच स्तुती होती! मेरीबाई उठल्या आणि त्यांनी स्वच्छ सांगितले, की माझा रंग याहून कितीही काळा असता तरी मी इतकीच सुखी असते, आणि गोरे होऊन ज्यांच्यात बसायला मिळेल त्यांच्या संगतीची मला हौस नाही. तरीही, परत जाताना त्या ज्या अमेरिकन बोटीवर चढल्या तिथल्या गोऱ्या बायकांनी एवढा गहजब केला की त्यांना उतरून इंग्रज बोटीची वाट पाहावी लागली. साथीत ज्यांची उशी बदलली त्यांच्याच देशभगिनी या.

१८५३ साली जमेकात पीतज्वर आला. लष्करी डॉक्टरांनीच मेरीबाईंना छावणीतल्या शुश्रूषेची व्यवस्था लावायला बोलावले. त्यांचे स्वतःचे घर तर अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी भरून गेले होते. एक तरुण डॉक्टर त्यांच्या हातांवर गेला. त्याच्या इंग्लंडमधल्या आईने पुढे त्याच्या केसांची बट बसवलेली सोन्याची एक पिन मेरीबाईंना पाठवली, ती त्यांनी जपून ठेवली.

आता ज्यामुळे त्यांचे नाव राहिले त्या लढाईकडे येऊ. १८५४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला अशी क्रिमियात जुंपली. गोळ्यांपेक्षा रोगांनी शिपाई मरत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा दिवा आपण शाळेच्या पुस्तकात पाहिला आहे, तो याच लढाईतला. मेरीबाई त्या सुमारास लंडनला आल्या होत्या. जमेकात ज्यांना औषध दिले होते त्याच पलटणी आता क्रिमियात आहेत हे कळताच त्यांना राहवेना. पीतज्वर, पटकी, अतिसार यांची एवढी माहिती असलेली बाई सरकारला हवीच असणार, असे त्यांनी धरले.

युद्धखात्याकडे गेल्या, तिथे वेळ गेला. वैद्यकीय खात्याकडे गेल्या, तिथेही तेच. नाइटिंगेल बाईंबरोबर जाणाऱ्या परिचारिका निवडल्या जात होत्या, तिथे सांगितले की जागा भरल्या. सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मेरीबाईंनी वाचले, की जागा असती तरी ती आपली नव्हती. वर्गणीतून फंड उभारणाऱ्यांकडे नुसते प्रवासखर्चाचे मागितले, तेही नाही. एका संध्याकाळी लंडनच्या थंडीत रस्त्यावर उभ्या राहून त्या रडल्या. अमेरिकेतला तो रंगाचा विचार इंग्लंडातही रुजला आहे काय, माझे रक्त काळ्या कातडीखाली वाहते म्हणून ते नको झाले काय, अशी शंका त्यांना आली. आयुष्यभर थट्टेवारी नेणाऱ्या या बाईने आपल्या पुस्तकात जिथे हसू आवरले, अशा थोड्या जागांपैकी ही एक.

दुसऱ्या दिवशी बेत ठरला. कुणी पाठवीत नाही तर आपण जाऊ. यजमानांच्या नात्यातले टॉमस डे नावाचे गृहस्थ होते, त्यांच्याशी भागी केली. क्रिमियात ब्रिटिश हॉटेल निघणार, आजारी अधिकाऱ्यांची सोय होणार, अशी कार्डे छापून पुढे धाडली आणि औषधे व माल भरून १८५५ च्या जानेवारीअखेर हॉलंडर नावाच्या बोटीने त्या निघाल्या. वाटेत स्कुटारीच्या इस्पितळात नाइटिंगेल बाईंची भेट झाली. भेट थोडा वेळ, बोलणे थोडे. मेरीबाईंनी रात्रीपुरते अंथरूण मागितले. धोबिणींच्या खोलीत जागा मिळाली आणि पिसवांनी रात्रभर झोपू दिले नाही. सकाळी त्या बालाक्लावाची वाट धरून गेल्या.

बालाक्लावाच्या बंदरात पहिले सहा आठवडे त्या दारूगोळ्याच्या जहाजावर झोपत आणि दिवसा धक्क्यावर जखमी उतरवले जात त्यांना चहा-पाणी, मलमपट्टी करत. मग शहराबाहेर छावणीच्या वाटेवर त्यांनी हॉटेल बांधले. बंदरात तरंगणारी लाकडे, खोक्यांच्या फळ्या, पत्रे आणि मोडक्या जहाजांची दारे-खिडक्या असे त्याचे सामान. तरी आठशे पौंड लागले. उंदीर, पूर आणि चोर तिघेही पाठीस लागले. मेंढ्या, बकऱ्या, कोंबड्या, इतकेच काय वाळत घातलेले कपडेसुद्धा जात.

त्या हॉटेलात सुईपासून नांगरापर्यंत सर्व मिळते अशी कीर्ती झाली. अधिकारी हातरुमालासाठी आसुसलेले असत. तांदळाची खीर ज्या दिवशी होई त्या दिवशी दाराशी गर्दी होई, आणि ती खीरही दुधावाचून केलेली, कारण दूध आणायचे कोठून? इस्पितळात पडलेल्यांसाठी स्पंज केक जाई. नाताळात पुडिंगे करता करता हात दुखून आले. ॲलेक्सिस सोयर हे लंडनचे नावाजलेले आचारी लष्कराच्या भटारखान्याची व्यवस्था सुधारण्यासाठी तिथे आले होते. तेही येऊन जेवून गेले आणि खूश झाले. सकाळची वेळ मात्र औषधांची. रस्ते बांधणारे, गाडीवान, मजूर अशी ज्यांना पलटणीचे डॉक्टर लवकर मिळत नसत ती माणसे रांग लावत. ज्याच्याजवळ पैसे असत तो देई, नसत तो पुढे केव्हातरी. शिपाई त्यांना मदर सीकोल म्हणत. घरापासून हजारो मैल दूर पडलेल्या पोरांना आई म्हणायला कुणी तरी लागतेच.

लढाई असेल त्या दिवशी पहाटे उठून त्या खेचरांवर भाकरतुकडा आणि दारू लादत आणि खांद्याला पिशवी अडकवून निघत. पिशवीत पट्ट्या, सुया, दोरा, मलम. अंगात पिवळा किंवा निळा झगा, टोपीला लाल फिती. धुरातून लांबूनही दिसावे असा वेष. जूनमधल्या हल्ल्यात तोफगोळा आला म्हणून जमिनीवर आडव्या पडताना उजव्या हाताचा अंगठा निखळला, तो पुढे कधी सरळ झाला नाही. १६ ऑगस्टला चेर्नाया नदीकाठच्या लढाईनंतर त्यांनी इंग्रजांच्या दोस्तांबरोबर रशियनांनाही पाणी पाजले, पट्ट्या बांधल्या. जबड्याला गोळी लागलेल्या एका रशियनाच्या तोंडात बोट घालून त्या गोळी शोधत होत्या, तेव्हा मरता मरता त्याचे दात मिटले. त्या बोटावरचा व्रण जन्माचा राहिला. टाइम्स पत्राचे बातमीदार विल्यम रसेल यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि वेळोवेळी लिहिले, म्हणून जगाला कळले. सप्टेंबरात सेबास्टोपोल पडले तेव्हा त्या शहरात शिरणाऱ्या इंग्रजांच्या बाजूच्या पहिल्या बाई मेरी सीकोल होत्या. फ्रेंच शिपायांनी रशियन हेर म्हणून त्यांना पकडले, आणि ओळखीचा अधिकारी भेटला म्हणून सुटका झाली.

मार्च १८५६ मध्ये तह झाला. लढाई थांबली याचा आनंद कुणाला होणार नाही? पण मेरीबाईंची वखार मालाने भरलेली, आणि गिऱ्हाईक तर बोटीत बसून घरी निघाले. उरलेला माल मातीमोल गेला. लाल दारूच्या बाटल्या रशियनांना फुकट देण्यापेक्षा त्यांनी हातोडा घेऊन फोडल्या. लंडनला आल्या त्या कर्ज घेऊन, आणि त्याच वर्षी दिवाळे निघाले. तरी लोक विसरले नव्हते. १८५७ च्या जुलैत त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि खपले. इंग्लंडात कृष्णवर्णीय बाईने लिहिलेल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांपैकी ते आहे. त्याच महिन्यात त्यांच्या मदतीसाठी चार दिवसांचा मोठा संगीतमहोत्सव झाला. हजारभर कलावंत, हजारो प्रेक्षक, टाळ्यांचा कडकडाट. पण महोत्सव भरवणारी कंपनीच बुडाली आणि मेरीबाईंच्या हाती आले सत्तावन्न पौंड.

त्याच १८५७ साली आपल्याकडे उठाव झाला. ती बातमी ऐकून मेरीबाई हिंदुस्थानात यायला निघाल्या होत्या. युद्धमंत्री लॉर्ड पॅन्म्यूर यांनी आणि रिकाम्या खिशाने त्यांना थांबवले. आल्या असत्या तर इंग्रजांच्या छावणीत आल्या असत्या, म्हणजे आपल्या झाशीवालीच्या विरुद्ध बाजूस. त्यांच्या पित्याचे सैन्य ते, त्यांना दुसरे सुचणार नव्हते. मात्र ज्यांच्या बेटावर माणसे विकली जात त्याच झेंड्याखाली त्या आयुष्यभर इतक्या विश्वासाने कशा राहिल्या, हे कोडे मला सुटलेले नाही.

आता एका वादाकडे वळते, कारण तो आपल्या मंडळातही कधी कधी निघतो. सेवा करणाऱ्याने पैसे घ्यावेत का? नाइटिंगेल बाईंनी १८७० साली आपल्या मेव्हण्यांना लिहिलेल्या खाजगी पत्रात मेरीबाईंविषयी कडू लिहिले. बाई मनाने दयाळू आहे, शिपायांसाठी तिने बरेच केले, हे कबूल केले. पण तिच्या हॉटेलात दारू वाहते, चालही बरी नाही, अशा अर्थाचे आरोप केले आणि आपल्या परिचारिकांना तिच्यापासून दूर ठेवले होते असे कळवले. आजही काही विद्वान म्हणतात की मेरीबाई दुकानदारीण होत्या, परिचारिका नव्हेत. दारू त्या विकत होत्या, हे खरेच आहे. नफा व्हावा अशी इच्छाही होती. पण नाइटिंगेल बाईंच्या मागे श्रीमंत माहेर, सरकारी नेमणूक आणि फंडाचा पैसा होता. मेरीबाईंना सगळ्यांनी दार लावून घेतले होते. अशा बाईने पट्टीचे कापड आणावे कुठून? खीर विकली म्हणून औषध वाटता आले. जिने लोणची-पापड विकून घर चालवले आहे आणि शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडूही पोहोचवले आहेत, ती बाई दुकानदारीण की सेविका हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढली वर्षे जमेका आणि लंडन अशी गेली. धर्माने त्या कॅथलिक झाल्या. किंग्स्टनमधला ब्लंडेल हॉल त्यांची बहीण लुइझा चालवत होती. १८५९ साली इंग्रज कादंबरीकार ट्रॉलप तिथे उतरले होते. त्यांनी तक्रार लिहून ठेवली आहे की इंग्रज माणसाला बीफ, कांदा आणि बिअर याखेरीज काही द्यायचे नाही असा घरमालकिणीचा हट्टच आहे. जमेकाचे उत्तमोत्तम जिन्नस दाराशी असता पाहुण्याला त्याच्या देशातलेच वाढायचे, हा हट्ट आपल्याकडेही काही कमी नाही.

१८६७ साली मेरीबाईंसाठी फंड पुन्हा काढला गेला, त्याला राजघराण्याचा आश्रय मिळाला आणि उतारवयात हात सैल झाला. लंडनमध्ये युवराज्ञी अलेक्झांड्रा यांचे अंग चोळून देण्यासाठी त्यांना बोलावणे येई. आईच्या घरी शिकलेली ती विद्या. १४ मे १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. केन्सल ग्रीनच्या कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरले, आणि मग सुमारे नव्वद वर्षे तिकडे कुणी फिरकले नाही.

आठवण ठेवली ती जमेकाच्या परिचारिकांनी. १९५४ साली त्यांनी आपल्या संघाच्या कचेरीला मेरी सीकोल यांचे नाव दिले. लंडनमधील थडगे शोधून १९७३ साली दुरुस्त करण्यात आले, त्यातही वेस्ट इंडीजच्या भगिनींचा मोठा हात होता. १९८४ साली ते जुने आत्मचरित्र पुन्हा छापले गेले, १९९० साली जमेका सरकारने मरणोत्तर सन्मान दिला. २०१६ साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. हे तेच इस्पितळ, जिथे नाइटिंगेल बाईंनी परिचारिकांची शाळा काढली होती. पुतळ्याला विरोध झाला, तरी तो झाला.

त्यांचे एक लहानसे तैलचित्र १८६९ साली ॲल्बर्ट चॅलन यांनी काढले होते. ते कित्येक वर्षे दुसऱ्याच एका चित्राच्या चौकटीत पाठीमागे लावलेले होते. जुन्या वस्तूंच्या विक्रीत कुणाच्या तरी हाती लागले आणि २००५ साली लंडनच्या राष्ट्रीय चित्रदालनात मांडले गेले. त्यात मेरीबाई एका बाजूला तोंड करून बसल्या आहेत. साठी ओलांडलेली, केस पिकू लागलेले, ओठ मिटलेले. छातीवर तीन पदके आहेत, ती त्यांना कुणी दिली याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. गळ्याशी लाल रुमाल बांधला आहे.